अर्ध्या हळकुंडाचं इंग्रजी

फेब्रुवारी सरत आला की शिरड शहापुरात पत्ता विचारावा लागत नाही. कुणाच्या शेतात हळद शिजायला लागली हे नाकच सांगतं. औंढा नागनाथहून वसमतकडं जाणाऱ्या एस.टी.तून मी उतरतो, मल्लिनाथाच्या दर्शनाला आलेल्या जैन यात्रेकरूंच्या गाड्यांना वाट देतो आणि त्या उग्र, मातकट, थोड्याशा औषधी वासाच्या मागं मागं घरी पोचतो. दरवर्षी या दिवसांत मी सुट्टी काढून गावी येतो. हळदीला हातभार लावायला, असं मी म्हणतो. मधीमधी करायला, असं आई म्हणते.

यंदा मात्र मला काम मिळालं. शिजवून वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, आई आणि रोजानं आलेल्या चार बाया कांडी आणि गट्टू वेगळे करत बसल्या होत्या. त्यांच्यातच पुतणी होती. एका हातानं निवडत होती आणि दुसऱ्या हातात गाईड. त्या पुस्तकाची पानं पिवळी पडली होती, पण ते जुनं नव्हतं.

“काका, मही परीक्षा घ्या.”

“कशाची?”

“इंग्लिशची. इडियम्स आन् व्होकॅब्युलरी. शंभर हायत. मी अर्थ सांगते, तुम्ही बरोबर का चूक ते बघा.”

मी मराठीचा प्राध्यापक. माझं इंग्रजी तपासायला कुणी बसलं, तर चहा घ्यायला म्हणून उठून जाणारा माणूस. पण ज्याच्या हातात उत्तरं तो परीक्षक, हा आपल्याकडचा जुना नियम आहे आणि उत्तरं पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेली होती. मी चष्मा लावला आणि घसा खाकरला. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि शेजारच्या बाईला काहीतरी पुटपुटली. त्यातलं ‘हळकुंड’ एवढंच मला ऐकू आलं.

पुतणी आणि आमचा हिंगोली जिल्हा एकाच वर्षाचे, १९९९ चे. दोघंही परभणीतून वेगळे झाले असं मी गमतीनं म्हणतो, कारण तिचा जन्म परभणीच्या दवाखान्यातला. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे ती शाळेत गेली तेव्हा ए-बी-सी-डी आधीच येऊन वर्गात बसलेली होती. तिला तलाठी व्हायचंय. २०२३ ची तलाठी भरती तिनं दिली होती. जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांवर. शंभर प्रश्न, दोनशे गुण. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणित प्रत्येकी पंचवीस प्रश्न. दोनेक गुणांनी हुकली. प्रश्न दोन गुणांचा, म्हणजे हुकली ती एका प्रश्नानं, आणि तो प्रश्न इंग्रजी वाक्प्रचाराचाच होता याबद्दल तिला काडीची शंका नाही. आता पुढची जाहिरात निघेपर्यंत हाताला येईल ती सरळसेवा परीक्षा ती देते. पुढच्या आठवड्यात नांदेडला अशीच एक होती.

तलाठ्याला इंग्रजी वाक्प्रचार कशाला लागतात, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. विचारला असता तर तिनं मला मराठीच्या प्राध्यापकाला पगार कशाला लागतो असं विचारलं असतं. पण मनात आलंच. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, बांधावरची भांडणं तर अशा मराठीत की कोशातसुद्धा सापडू नये. ‘इन द ट्विंकलिंग ऑफ ॲन आय’ म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. पण वारसाची नोंद कुठं त्या वेगानं होत असते?

खरं तर आमच्या घराला या गोष्टीचं नवल वाटायला नको. माझे आजोबा उर्दूतून ‘मिडल’ झालेले होते. निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवत. घरी मराठी, शेजारी तेलंगी येणारा एखादा व्यापारी, देवळात संस्कृत आणि कचेरीत उर्दू, असा तो काळ. गावात कुणाला समन्स आलं की तो कागद घेऊन आजोबांकडं यायचा. आजोबा ओसरीवर बसून मोठ्यांदा वाचायचे आणि जिथं अडायचं तिथं खोकायचे. कागद जेवढा अवघड, तेवढा खोकला जास्त. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला दमा आहे. त्यांना दमा नव्हता, त्यांना फारसी शब्द येत नव्हते. तरी गावात त्यांचा मान होता, कारण बाकीच्यांना तेवढंही येत नव्हतं. मग १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि आजोबांची उर्दू ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांबरोबर गेली. वडिलांची पिढी मराठीवर निभावली. आणि माझ्या वेळेला पाचवीपासून इंग्रजी आलं.

तो पहिला तास मला अजून आठवतो. गुरुजींनी फळ्यावर ‘आय’ लिहिलं आणि विचारलं, म्हणजे काय? वर्गातली निम्मी पोरं ओरडली, “आय म्हणजे आई!” गुरुजी म्हणाले, चूक, आय म्हणजे मी. मग त्यांनी ‘माय’ लिहिलं. आता तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “माय म्हणजे बी आईच!” गुरुजी म्हणाले, चूक, माय म्हणजे माझा, माझी, माझं. त्या दिवशी घरी येऊन मी आईला सांगितलं की इंग्रजीत तू दोनदा येतेस आणि दोन्ही वेळा तू नसतेस. आईनं विचारलं, “मंग कोण आस्तंय?” मी म्हणालो, “मीच.” ती म्हणाली, “तेच तर. त्यांच्यात दुसरं कोण आसणार.” इंग्रजीवर इतकी नेमकी टीका पुढं विद्यापीठातही माझ्या वाचनात आली नाही.

असो. परीक्षा सुरू झाली.

“टु बाइट द डस्ट.”

“पराभूत होणे,” पुतणी म्हणाली.

“धूळ खाणं म्हण की,” आई खाली मान घालूनच म्हणाली. “एकानं चारायची आन् दुसऱ्यानं खायची.”

मागच्या पानावर ‘पराभूत होणे’ असंच होतं. पण आईचं उत्तर जास्त बरोबर होतं, म्हणून मी दोघींना गुण दिले आणि तिथंच चुकलो. कारण त्यानंतर आईनं हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि परीक्षेला नीट सरसावून बसली.

“टु बर्न द मिडनाइट ऑइल.”

“रात्री जागून अभ्यास करणे.”

“तेल कशाला जाळायचं?” आई म्हणाली. “मोटरीची लाइट रात्रीचीच येतीय. बारा वाजता उठून पाणी द्यायला जातोय तुहा भाऊ. त्याला काय म्हणत्यात इंग्लिशमधी?”

त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मागच्या पानावर नव्हतं.

“टु पुट द कार्ट बिफोर द हॉर्स.” हे मी मुद्दाम मराठीत करून सांगितलं, घोड्याच्या पुढं गाडी. आई लगेच म्हणाली, “वरातीमागून घोडं.” घोडं दोन्हीकडं होतं, पण मराठी घोड्याला उशीर झालेला असतो आणि इंग्रजी घोड्याला चुकीच्या जागी उभं केलेलं असतं. मी आईचा गुण कापला. रोजानं आलेल्या बायांना हा अन्याय वाटला. एक जण म्हणाली, “घोडं तर सांगितलं ना मायनं, मंग?” मी अर्धा गुण परत दिला. वशिला आणि दबाव दोन्ही असलेली ही परीक्षा मी पहिल्यांदाच घेत होतो.

पुढं समुद्र लागला. इंग्रजी वाक्प्रचारांच्या यादीत कुठूनही शिरा, दहाव्या पावलाला समुद्र लागतोच. ‘इन द सेम बोट’, ‘ऑल ॲट सी’, ‘टु लर्न द रोप्स’, ‘थ्री शीट्स टु द विंड’. या शेवटच्यातली ‘शीट’ म्हणजे चादर नव्हे, तर शिडाचा दोर, आणि तीन दोर सुटलेलं गलबत जसं झोकांड्या खातं तसा प्यालेला माणूस. बेटावरची, जहाजांवर जगलेली माणसं. त्यांनी बोलताना दोर आणि डोलकाठ्या आणल्या तर त्यांचा काय दोष? पण शिरड शहापूर ते समुद्र म्हणजे पाचशे किलोमीटर. आमचं मोठ्यात मोठं पाणी पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाचं, आणि तेही काही वर्षी आटून घोट्याशी येतं. ‘बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी’ म्हटल्यावर आईनं ‘इकडं आड तिकडं विहीर’ असं फटकन सांगितलं. समुद्र नाही, सैतान नाही. दोन्ही बाजूंनी पाणीच, आणि तेही स्वतःच्या शेतातलं. मला ते फार आमच्याकडचं वाटलं. दुष्काळी मुलखातला माणूस संकटसुद्धा पाण्याचंच मागतो.

प्राण्यांच्या बाबतीत तर दोन्ही भाषांचं अजिबात जमत नाही. त्यांचं घुबड शहाणं. आमचं घराच्या पत्र्यावर बसलं तर आई लिंबू-मिरची शोधते. त्यांचा ‘गूज’ म्हणजे मूर्ख, आणि आमचा हंस पाण्यातून दूध वेगळं काढतो, शिवाय सरस्वतीजवळ वाहन म्हणून कायम नोकरीला. गूज म्हणजे हंस नव्हे असं एखादा पक्षितज्ज्ञ सांगेल, पण मराठी कवींनी पक्षितज्ज्ञांना कधी विचारलं होतं?

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ला मात्र पुतणीनं न थांबता उत्तर दिलं. हा वाक्प्रचार येत नाही असा मराठी विद्यार्थी नसेल. पाऊस न पडणाऱ्या तालुक्यातही कुत्री-मांजरं पडतात. या कुत्र्या-मांजरांचं मूळ अजून इंग्रजांनाही खात्रीनं सांगता आलेलं नाही. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या एका पुस्तकात ती सापडतात, आणि मजा अशी की ते पुस्तकच मुळी बैठकीत तीच ती ठरावीक वाक्यं फेकणाऱ्या शिष्ट मंडळींची टवाळी करायला लिहिलेलं. म्हणजे स्विफ्टनं जे ‘असं बोलू नका’ म्हणून मांडलं, ते जवळजवळ तीनशे वर्षांनी शिरड शहापुरात एक मुलगी दोन गुणांसाठी पाठ करते आहे. हे मी मोठ्या उत्साहानं सगळ्यांना समजावून सांगितलं. आई म्हणाली, “झालं, अर्ध्या हळकुंडानं पिवळा.” आता मघाची पुटपुट मला पूर्ण ऐकू आली.

मग आला ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’.

“ऐन वेळी, शेवटच्या क्षणी,” पुतणी म्हणाली.

“अकराव्या तासाला?” आईनं विचारलं. “अकरा वाजता तर हापीस उघडतंय!”

बाया हसल्या. मलाही हसू आलं. पण याची गोष्ट मला ठाऊक होती आणि ती तिथंच सांगायची होती, कारण ती अशाच शेतावरची आहे. बायबलात येते. एका द्राक्षमळ्याचा मालक सकाळी मजूर लावायला निघतो आणि दिवसाची मजुरी ठरवतो. पुन्हा थोड्या वेळानं जातो, आणखी माणसं आणतो. दुपारी जातो, आणखी आणतो. त्यांचा तास उजाडल्यापासून मोजायचा, म्हणजे अकरावा तास तुमचा-आमचा संध्याकाळचा पाच वाजताचा. त्या अकराव्या तासालाही त्याला नाक्यावर काही माणसं रिकामी दिसतात. तो म्हणतो, चला तुम्हीही. तासाभरात अंधार पडतो. मालक सगळ्यांना बोलावतो आणि पाच वाजता आलेल्यालाही सकाळपासून राबलेल्याएवढीच पुरी मजुरी देतो.

सुपं थांबली.

“आन् सकाळच्यायनी ऐकून घेतलं?” एक बाई म्हणाली.

“नाही, कुरकुर केली,” मी म्हणालो. “गोष्टीतच आहे तसं.”

“करणारच की! आम्ही सकाळधरनं उन्हात बसायचं आन् हिनं,” शेजारणीला कोपरानं ढोसत ती म्हणाली, “च्यापानी करून चारला यायचं?”

शेजारीण म्हणाली, “मला कोणी चारपस्तोर कामच दिलं नसलं तर? मह्या लेकराला भूक अर्धीच लागती का?”

त्यावर कुणी काही बोललं नाही. आई मालकीण. तिनं दोन्हीकडं आळीपाळीनं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “तुला कोणी सांगितली ही गोष्ट आत्ताच सांगायला? पुढचं विचार.” ईश्वरशास्त्राच्या पंडितांनी या दृष्टांतावर ढीगभर लिहिलं आहे. त्यातली मुख्य भांडणं त्या लिंबाखाली दोन मिनिटांत होऊन गेली आणि इंग्रजीचा एकही शब्द लागला नाही. गाईडात मात्र त्याचा अर्थ एका ओळीत होता: ऐन वेळी.

‘रेड टेप’ला पुतणीनं ‘लालफीत’ म्हटलं. बरोबर, पण ते त्यांच्याच वाक्प्रचाराला धोतर नेसवलेलं. आपले कागद फितीत नव्हे, फडक्यात बांधले जायचे. म्हणून तर अडलेलं काम आपण बासनात गुंडाळतो. आजोबांच्या ट्रंकेत अजून असं एक लाल फडकं आहे. त्यात काय बांधलंय ते उर्दूत असल्यामुळं आम्हाला कळत नाही. म्हणजे वाक्प्रचार पुरेपूर लागू पडतो.

मध्ये चहा झाला. चहात मी पुतणीला विचारलं, “एवढं पाठ करून बोलायला येतं का?” ती म्हणाली, “बोलायचं कोणाशी?” प्रश्न खरा होता. ठरावीक दिवसांत इंग्रजी शिकवणारी पुस्तकं आमच्या पिढीनंही घेतली. कपिल देवचा फोटो असलेलं ‘रॅपिडेक्स’ माझ्या उशाशी दोन वर्षं होतं. गोलंदाजी तेवढी सुधारली. पी हळद आणि हो गोरी, अशी आपल्याला सदा घाई. आणि हे हळदीच्या गावात! इथं जूनच्या आसपास बेणं लावायचं, आठ-नऊ महिने सांभाळायचं, पाला कापायचा, काढायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि तेव्हा कुठं वसमतच्या बाजारात तिला कुणी हळद म्हणणार. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. कागदपत्रं इंग्रजीत असणार. पिवळेपणा आमचा.

बोलायचं कोणाशी, याला अलीकडं मात्र एक उत्तर निघालंय. आमच्या औंढा तालुक्यात, दुधाळ्याजवळ, ‘लायगो’ची प्रयोगशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आणि त्यातून अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी २०१५ साली दोन कृष्णविवरांची टक्कर पहिल्यांदा टिपली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं आपल्या प्रकल्पाला २,६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि जमिनीच्या भावाबरोबर गावात इंग्रजीचाही भाव वाढला. ‘शास्त्रज्ञ येणार, त्यांच्याशी बोलायला कुणी पाहिजे’ म्हणून निदान चार पोरांनी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला.

गेल्या वर्षी मी चहाच्या टपरीवर बसलो असताना एक गाडी थांबली. आतून गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण उतरला. टपरीवर शांतता पसरली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. “काका, तुम्ही बोला.” मी उभा राहिलो, मनात क्रियापदाचे तिन्ही काळ लावून घेतले. तो तरुण जवळ आला आणि म्हणाला, “माफ करा हं, दुधाळ्याला जायला हाच रस्ता ना? म्हणजे पुढे फाट्यावर डावीकडे वळायचंय की उजवीकडे?” पुणेरी मराठी, एकेक अक्षर इस्त्री केलेलं. टपरीवाल्यानं सांगितलं, “सीद्धं जावा, मंग त्या हुंबराच्या अंगानं वळा, तिथून थोडं हेकाडलं की आलंच.” तरुणानं ते ऐकलं, हसला आणि माझ्याकडं मदतीच्या आशेनं पाहू लागला. त्या दिवशी मी दुभाष्याचं काम केलं. मराठीतून मराठीत.

याच ‘लायगो’नं माझी एकदा फजिती केलीय. २०१६ सालची गोष्ट. तत्त्वतः मंजुरीची बातमी नुकतीच आली होती. नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत समोरच्या बर्थवर एक सुटाबुटातले गृहस्थ होते. मी मोठ्या अभिमानानं, जमेल त्या इंग्रजीत सांगितलं की आमच्या गावाशेजारी एक यंत्र बसणार आहे आणि तारे एकमेकांवर आदळले की ते आम्हाला ऐकू येणार आहे. ते हसून म्हणाले, “यू मस्ट बी पुलिंग माय लेग.” मी दचकून खाली पाहिलं. माझा पाय खरोखरच त्यांच्या पायाला लागलेला होता. मी “सॉरी सॉरी” म्हणत पाय वर घेतले, मांडी घातली, आणि मग मला राग आला. कारण मराठीत पाय ओढणं हा साधा आरोप नव्हे. टोपलीतल्या खेकड्यांपासून साहित्य संमेलनापर्यंत त्याला मोठी परंपरा आहे. मी यांचा पाय का ओढीन? ओळखसुद्धा नाही! आणि पाय ओढायला आधी ओळख लागते. तेव्हा मला प्राध्यापक होऊन वीस वर्षं झाली होती, हे इथं सांगायला नको होतं.

अशा वेळी मी मोल्सवर्थला आठवतो. कंपनी सरकारच्या फौजेतला हा कोवळा अधिकारी इथल्या भाषांच्या परीक्षा देऊन दुभाष्या झाला. म्हणजे एके काळी पेपर आपला होता आणि परीक्षार्थी ते. मग त्यानं मराठी शब्द वेचायला घेतले आणि १८३१ मध्ये कोश काढला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांवर गेले. म्हणी, शिव्या, बायकांचे टोमणे, भाजीवालीची मापं, सगळं. त्यालाही कधीतरी कुणीतरी ‘पाय ओढू नका साहेब’ म्हटलं असेल आणि त्यानं खाली पाहिलं असेल, या कल्पनेनं मला फार बरं वाटतं.

आणि देणं काही एकाच बाजूचं नाही. ‘माँगूस’ हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगसावरून गेला. ‘ठग’ हाही आपल्याकडचाच, आणि त्यात हिंगोलीचा थोडा हात आहे. हिंगोलीला तेव्हा निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्याच फौजेतल्या मेडोज टेलरनं १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीतला एक प्रतिष्ठित व्यापारी येतो. साहेब लोकांत ऊठबस असलेला हा माणूस शेवटी ठगांचा म्होरक्या निघाला. साहेबांनी त्याच्यावर विश्वास टाकला, त्यानं साहेबांना शब्द दिला. पुतणीच्या गाईडात ‘ठग’ अर्थासह होताच. मी तिला म्हणालो, “हा तर आपल्याच जिल्ह्याचा, याचे दोन गुण हक्काचे.” ती म्हणाली, “काका, आलेलं विचारत नाहीत ते.”

दिवस कलला तेव्हा शंभर पूर्ण झाले. पुतणीचे एक्याऐंशी. आईनं विचारलं, “आन् माहे?” मी मोजले. घोड्याचा अर्धा धरून साडेसदुसष्ट. “मंग लागते का मी तलाठी?” मी म्हणालो, वयाची अट आहे. “तेच म्हणलं,” ती म्हणाली, “कायतरी आडवं यायचंच.” माझे किती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही उत्तरांची पानं मिटून ठेवली.

परीक्षेच्या आदल्या रात्री पुतणी हात धूत बसली होती. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली. शिजलेल्या हळदीचा रंग चार दिवस हटत नाही. तिला काळजी अंगठ्याची. केंद्रावर मशीनवर अंगठा ठेवावा लागतो, आणि कामानं झिजलेला अंगठा मशीन कधी कधी ओळखतच नाही. आई म्हणाली, “राहू दे. शुभाचा रंग हाय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.नं ती परत आली. अंगठा तिसऱ्या खेपेला लागला होता. इंग्रजीचे पंचवीसपैकी बावीस-तेवीस नक्की, असं ती म्हणाली. कुत्री-मांजरं आली नव्हती, अकरावा तास आला होता. मग तिला हसू यायला लागलं.

“आत सोडताना तपासायला एक मॅडम होत्या. त्यांनी महे हात पाहिले आन् म्हणल्या, अय्या, हळद लागली वाटतं!”

आई सूप पाखडता पाखडता थांबली. “मंग? तू काय म्हणलीस?”

“म्हणलं, हो. बावन्न क्विंटल.”